ताम्रपट गेला आणि अर्धी घागर पाणीही

१

रविवारी दुपारी साडेचार वाजता मी टेबलावरचा पुठ्ठा उचलला आणि त्याखाली ताम्रपट नव्हता.

मी पुठ्ठा परत ठेवला आणि परत उचलला. माणूस घाबरला की असले खुळे प्रकार करतो. मग मी पळत जाऊन संग्रहालयाचं फाटक लावलं आणि पाठ टेकून उभा राहिलो. अंगणात चाळीस कुटुंबं होती, आयाबाया, आजोबा, कडेवरची पोरं. पुढच्या मिनिटाला सगळ्यांना कळलं की मन्मथरावांनी काहीतरी हरवलंय.

मन्मथराव म्हणजे मी. लातूर जिल्हा होऊन पाच वर्षंही झाली नव्हती. नव्या जिल्ह्याला नवी कचेरी मिळाली, नव्या पाट्या मिळाल्या, आणि निजामाच्या वेळच्या करोडगिरी, म्हणजे जकातीच्या, नाक्याच्या तीन खोल्यांत एक वस्तुसंग्रहालयही मिळालं. त्याचा कारकून, पहारेकरी आणि माहिती सांगणारा असा तिहेरी मानकरी मी एकटाच. लोक यावेत म्हणून ‘कुटुंब-रविवार’ ही कल्पना माझीच. पहिल्या खोलीत वीरगळ आणि मूर्ती. दुसऱ्या खोलीत ताम्रपटावर कागद ठेवून, कोळशाची पूड घासून ठसा घ्यायचा. तिसऱ्या खोलीत जुनं स्वयंपाकघर मांडलेलं, तिथं जात्यावर दळून बघायचं. शेवटी अंगणात बक्षीस समारंभ. दुष्काळाचं तिसरं वर्ष होतं, म्हणून दाराशी माझ्याच अक्षरात पाटी लावली होती: ‘हात धुण्यास पाणी नाही. गोणपाटास पुसावेत.’ या पाटीचा मला फार अभिमान होता.

गेला तो ताम्रपट संग्रहालयाचाही नव्हता. तो सरजाबाईचा होता. बोरगव्हाण नावाच्या गावात तिचं घर. धान्य साठवायचं तिचं पेव दुष्काळात पहिल्यांदाच तळापर्यंत रिकामं झालं आणि तळाच्या कडब्याखाली हा वीतभर रुंद, हिरवा पडलेला तांब्याचा पत्रा निघाला. वर चंद्र, सूर्य आणि गाय कोरलेली, खाली मोडी अक्षरांच्या बारा ओळी. तिचा सासरा म्हणायचा, वाचणारा भेटला की बारव गावाची होईल. मला मोडी येते ती बेताचीच. ‘बारव’ आणि ‘समस्त’ एवढे दोन शब्द मी लावले आणि माझ्या अंगावर काटा आला.

कारण बोरगव्हाणच्या त्या पायऱ्यांच्या विहिरीला दोन वर्षं कुलूप होतं. गावचे मालक अमृतराव म्हणत, बारव आमच्या घरची. गावातल्या बायका दीड कोसावरून पाणी आणत. सरजाबाईची नात महानंदा सहावीत पहिली आलेली पोर, पण सकाळी एक खेप आणि दुपारी एक खेप करता करता तिची शाळा दिवाळीनंतर सुटली ती सुटलीच. सोमवारी अकरा वाजता कलेक्टरांपुढं सुनावणी होती. ताम्रपट दाखवला तर कुलूप निघणार होतं. नाही दाखवला तर पुढची तारीख महिन्यानंतरची, तोवर हे कलेक्टर बदलून जाणार होते, आणि पुढचा साहेब फाईल कधी उघडेल ते कुणी सांगावं.

सरजाबाई अंगणातून माझ्याकडं आली. माझ्या हातातल्या रिकाम्या पुठ्ठ्याकडं बघत राहिली. तिनं आरडाओरडा केला असता तर मला बरं वाटलं असतं.

२

तासभर झडती झाली. प्रत्येक पिशवी, प्रत्येक गाठोडं, पोरांच्या दुपट्यांच्या घड्यासुद्धा बायांनी एकमेकींच्या तपासल्या. लोकांनी कुरकुर केली नाही, पाण्याची गोष्ट होती. मी तिन्ही खोल्या पालथ्या घातल्या. वीरगळांच्या मागं बॅटरी मारली. स्वयंपाकघरात हंडे उपडे केले, जात्याचं वरचं पाळू उचललं, पाणी तापवायच्या बंबाच्या पोटात कोपरापर्यंत हात घातला. बंबाखालच्या लालचुटूक पत्र्यात माझंच घामेजलेलं तोंड दिसलं. हिरवा पत्रा कुठंच नव्हता.

सहाला लोकांना सोडलं. पोलीस सकाळी येतो म्हणाले. मागं राहिलो आम्ही सहाजण: मी, सरजाबाई आणि तिची नात, दिवसभर जात्यावर दळून दाखवणारी आमची झाडूवाली धोंडाबाई, प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलेले अमृतराव, आणि नांदेडहून मोडी वाचायला आलेले प्राध्यापक शेषेराव सर. अमृतरावांना मीच बोलावलं होतं. खुर्च्या त्यांनी दिल्या होत्या, आणि खुर्च्या देणाऱ्याला खुर्ची द्यावी लागते.

तेवढ्यात फाटकात रिक्षा थांबली आणि पार्वतम्मा उतरल्या.

लातूरच्या गंजगोलाई बाजारात त्यांचं तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान. नवरा गेल्यावर वीस वर्षं त्यांनी एकटीनं चालवलेलं. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची पेटी, आणि नजर अशी की घागर हातात न घेता चीर कुठं आहे ते सांगत. स्वयंपाकघराची भांडी त्यांनीच उसनी दिली होती आणि ती परत न्यायला त्या आल्या होत्या. लातुरात कुणाच्या घरातलं भांडं चोरीला गेलं तर लोक पोलिसांआधी पार्वतम्माकडं जात. भांडं कोणत्या दुकानातून कोणत्या घरात गेलं, ते त्यांच्या डोक्यात असे.

“शरणार्थी, अक्का,” मी हात जोडून म्हणालो. “आज घात झाला.”

मी सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, “बाहेर कुणीच नेला न्हाई म्हनतोस?”

“फाटक लगेच लावलं. त्याआधी कुणी बाहेर पडलं नाही.”

“मग पत्रा हितंच हाय. पत्र्याला पाय नसतेत.” त्यांनी पदर खोचला. “चल, मी माजी भांडी भरते. भरता भरता एकेकाला माज्याकडं पाठव. आन् मन्मथा, तू तोंड असं करू नको. सुनावनी उद्या अकराला हाय, आत्ता सव्वासहा झाल्यात.”

३

पहिले अमृतराव आले. पांढरंशुभ्र धोतर, बोटात तीन अंगठ्या. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभे राहूनच बोलले.

“अक्का, माज्या बारवेचा मामला हाय, म्हून नजर माज्याकडंच येनार, ते कळतंय मला. पन मी तीनला आलो, खुर्चीत बसलो, हार घालून घेतला, भाषण केलं. उठलो कवा ते चाळीस घरच्यांना विचारा.”

हे खरं होतं. ते उठले असते तर आम्ही सगळेच सुटलो असतो, इतकं त्यांचं भाषण लांबलं होतं.

“तुमचा मानूस?” पार्वतम्मांनी एक तांब्या पुसून गोणीत ठेवला.

“ड्रायव्हर जीपमधी झोपून राहिला. फाटकाबाहेर. आन् चोरायचंच असतं तर हितवर येऊ दिलं असतं का मी? पेवातून निघाला त्याच दिवशी खबर होती मला. म्हनलं, जाऊ दे. सरांचं पत्र हाय आपल्याजवळ.”

“कोनतं पत्र?”

“शेषेराव सरांचं. बारवेच्या भिंतीत अर्धा फुटका शिलालेख हाय, तो वाचून सरांनी दोन सालापूर्वी लिहून दिलंय, बारव आमच्या पणज्यानं घरापुरती बांधली म्हून. त्याच्यावरच कुलूप लावलं. उगं लावलं न्हाई.”

पार्वतम्मांचा हात क्षणभर थांबला. मग त्यांनी दुसरा तांब्या घेतला. “या तुमी,” त्या म्हणाल्या. अमृतराव गेल्यावर त्या माझ्याकडं वळल्या. “हा मानूस कुलूप लावंल, खोटं बोलंल, पन भ्यालेला न्हाई. पत्र्याला तो भीतच न्हाई.”

मग धोंडाबाई आली ती रागानं फणफणत. ताम्रपटाचं तिला काही पडलेलं नव्हतं.

“साहेब, पत्र्याचं तुमी बघा. माजं पानी कुनी नेलं ते आदी सांगा.”

“कसलं पाणी?”

“दोन घागरी आनल्या हुत्या प्यायला. टँकरमागं दोन तास हुबी हुते. मोजून एकेक भांडं देत हुते लेकरांना. पहिली घागर संपली. दुसरी गळ्यापातुर भरलेली या खोलीत कोपऱ्यात झाकून ठेवली, आन् बक्षिसं बघाया अंगणात गेले. येऊन बघते तर अर्दी. एवडं पानी कुनी एकट्यानं पिलं तर पोट फुटंल की.”

मला हसू आलं. पार्वतम्मांना आलं नाही. त्यांनी हातातला तांब्या खाली ठेवला आणि धोंडाबाईला समोर बसवून घेतलं.

“बक्षिसाला गेलीस तवा किती वाजलं होतं?”

“भाषण सुरू होयाच्या टायमाला. पावने चार आसतील.”

“ताम्रपट शेवटचा कवा दिसला, मन्मथा?”

“साडेतीनला. महानंदानं शेवटचा ठसा घेतला.”

“म्हंजे एकाच टायमाला दोन चोऱ्या झाल्या,” पार्वतम्मा म्हणाल्या. “पत्रा कशाला चोरला ते समद्यांना कळतंय. या दुष्काळात अर्दी घागर कुनी आन् कशाला वतली, ते मला कळलं पायजे.”

४

उत्तराची सुरुवात महानंदानं करून दिली. ती मागच्या दारात बसून आपला ठसा गुडघ्यावर पसरून बघत होती. चंद्र, सूर्य, गाय. अक्षरं त्यात नव्हती, कारण सरांनी सकाळीच सांगितलं होतं की पोरांनी घासून अक्षरं झिजवायची नाहीत, खालचा भाग पुठ्ठ्यानं झाकायचा. म्हणून चाळीस घरांत चाळीस गाई गेल्या आणि मजकूर एकाही घरात गेला नाही.

“मावशी,” ती धोंडाबाईला म्हणाली, “तितं चिमण्या कशाला जमल्यात?”

स्वयंपाकघराच्या मागं एक जुनी मोरी आहे. वर्षभर तिच्यात थेंब पडला नव्हता. तिथं पंधरावीस चिमण्या एकमेकींना ढकलत होत्या. पार्वतम्मा ताडकन उठल्या. चिमण्या उडाल्या. मोरीचा दगड ओला होता, आणि फटीत चिंचेचे चार दोरे अडकले होते.

देखाव्यासाठी चुलीपाशी मी चिंच आणि मीठ लाकडी वाटीत ठेवलं होतं. आत जाऊन पाहिलं तर वाटीत चिंच निम्मीच होती. मला वाटलं, पोरांनी खाल्ली असेल. तसं मी म्हणालोही.

“खाल्लेली चिंच मोरीत धूत न्हाईत,” पार्वतम्मा म्हणाल्या. “आता तुज्या सरांना बोलाव.”

शेषेराव सर कार्यालयात पोलिसांसाठी तक्रार लिहीत होते. त्यांचं अक्षर म्हणजे मोत्याचा दाणा. पंचवीस वर्षं मराठवाड्यात कुणाच्या माळ्यावर कागद सापडला, कुणाच्या शेतात दगड सापडला, तर तो सरांकडं नांदेडला जायचा. मला त्यांच्याबद्दल मनापासून आदर होता, आजही आहे.

“साडेतीननंतर तुमी कुटं होता, सर?” पार्वतम्मांनी विचारलं.

“पहिल्या खोलीत. एक वीरगळ पाहत होतो. मग अंगणात आलो.”

मला आठवलं, भाषण बरंच पुढं गेल्यावर सर आले आणि शेवटच्या रांगेत बसले. शहाणा माणूस, अमृतरावांचं भाषण निम्मंच ऐकावं असं मला तेव्हा वाटलं होतं.

“पत्र्यावर काय लिहिलंय?”

“अजून लागलेलं नाही. काल संध्याकाळी चार तास भिंग घेऊन बसलो होतो. मोडी फार गिचमिड आहे.”

त्यावर पार्वतम्मांनी मान हलवली आणि त्यांना जायला सांगितलं. मी मात्र जागच्या जागी उभा राहिलो. अक्षरं गिचमिड नव्हती. टपोरी आणि खोल कोरलेली होती. माझ्यासारख्या अर्धवटालाही त्यातले दोन शब्द लागले होते.

५

“मन्मथा, गूळ हाय का घरात?” पार्वतम्मांनी विचारलं.

“आहे. पण पाणी...”

“पानी कुनाला मागितलंय? समद्यांना हितं बोलाव. दुपारपासून उपाशी हायत.”

मला वाटलं, बाईंनी हात टेकले. सात वाजत आले होते. आम्ही सगळे त्या मांडलेल्या स्वयंपाकघरात गोळा झालो. अमृतराव खुर्चीत, सर पाटावर, बाकीचे जमिनीवर. पार्वतम्मांनी गुळाचा खडा फोडला, शेंगदाणे घेतले आणि आपल्या हातानं एकेकाला वाटायला लागल्या. आमच्या भागात असं हातावर काही ठेवताना समोरच्यानं दोन्ही तळवे पुढं करायचे, हा साधा रिवाज.

सरजाबाईचे तळवे काळे होते. तिनं दिवसभर पोरांचे कागद धरले होते. महानंदाचे काळे होते आणि नाकही काळं होतं. माझे काळे होते, आणि सदऱ्याचा पुढचा भागही. धोंडाबाईचे पिठानं आणि राखेनं पांढुरके. अमृतरावांचे स्वच्छ, ते कोळशाजवळ फिरकलेच नव्हते. सरांनी तळवे पुढं केले, त्यांवर गूळ पडला, आणि ते खाली बघून खाऊ लागले.

पार्वतम्मा सगळ्यांच्या मधोमध बसल्या. “आता मी बोलते,” त्या म्हणाल्या. “चुकलं तर सांगा. मी शिकलेली न्हाई, मला फक्त तांबं कळतंय.”

६

“पत्रा हिरवा होता,” त्या म्हणाल्या. “म्हून मन्मथ समदीकडं हिरवा पत्रा हुडकीत फिरला. झडती घेनारे समदे हिरवाच हुडकीत होते. पन चिंच-मिठानं घासलं तर तांबं लाल व्हायला कितीसा टाइम लागतोय? पावनेचार ते सव्वाचार, अंगण समदं भाषणात. तवड्यात अर्दी घागर आन् अर्दी चिंच संपली. लाल झालेला पत्रा लाल भांड्यांत ठेवला की दिसतोय कुनाला?”

सगळ्यांनी आजूबाजूला पाहिलं. गोणीत भरलेली भांडी, जातं, चूल, बंब.

“मन्मथा, तू एकटा ऱ्हातोस. पानी कशात तापवतोस?”

“डब्यात. पण आमच्या घरी उदगीरला बंब होता.”

“बंबाखाली राख पडती तो पत्रा कवा घासलास?”

“तो कोण घासतं, अक्का? काळाच असतो तो.” हे बोलता बोलता माझी नजर बंबाखाली गेली.

“धोंडाबाई, तू घासतीस?”

“बया, भांडी घासायला पानी न्हाई, आन् राखंचा पत्रा घासू?”

पार्वतम्मांनी बंबाकडं बोट केलं. त्याच्या तीन पायांखाली लालचुटूक पत्रा होता, त्याच्यात दुपारी मी माझं तोंड पाहिलं होतं.

“मी आले तवाच खटकलं होतं. म्हनलं, मी तर नुसता बंब दिला होता; मन्मथाला अक्कल कमी, देखावा चकचकीत दिसावा म्हून कुटला तरी पत्रा घासून ठेवला आसंल. पानी गेलं हे कळलं तवा डोस्कं चाललं. घरात एकदा जरी बंब पेटवला आसता, तर चोरानं हा पत्रा तसाच ठेवून वर मूठभर राख टाकली आसती. मी सात जन्मांत वळखला नसता. हे काम बाईचं न्हाई. ज्याच्या म्होरं कडत पान्याची बादली आपसूक येती त्याचं हे काम.”

“म्हंजे माजं म्हना की,” अमृतराव म्हणाले. त्यांच्या घरी चार गडी होते.

“तुमी खुर्चीतून उठला न्हाई. आन् तुमी आसता तर पत्रा इहिरीतच गेला आसता. सरजा, तो पत्रा काढ.”

सरजाबाईनं आणि मी बंब उचलला. तिनं पत्रा ओढून उलटा केला. खालची बाजू तशीच हिरवीगार होती. चंद्र, सूर्य, गाय, आणि बारा ओळी. एका अक्षरालाही चिंच लागलेली नव्हती.

सरजाबाईनं तो पत्रा छातीशी धरला आणि तिला रडू फुटलं. दुपारपासून दाबून धरलेलं ते रडू होतं, आणि महानंदा तिचा पदर धरून नुसती उभी होती.

“बगा,” पार्वतम्मा हळू आवाजात म्हणाल्या. “चोरानं फकस्त पाठ घासली. अक्षरांला हात लावायचा त्याला धीर झाला न्हाई. घाई होती, भीती होती, तरी न्हाई झाला. ज्याचा जीव अक्षरांत हाय त्याचं हे काम. आन् आज दिवसभर हितं ज्येनं ज्येनं कोळसा हातात धरला त्याचा हात काळा हाय, धुवायला पानीच न्हवतं. सकाळी नवापासून पोरांना ठसा कसा घ्यायचा ते शिकवत होते ते एक सर. सर, तुमचे हात कुटं धुतले?”

शेषेराव सरांच्या तळव्यावर गुळाचा अर्धा खडा तसाच होता. बोटं स्वच्छ होती, नखांच्या कडासुद्धा, आणि टोकांना चिंचेची लाली होती.

७

या वेळी ते खोटं बोलले नाहीत, एवढं त्यांच्याबद्दल सांगितलंच पाहिजे.

“काल संध्याकाळी पहिल्या पाच मिनिटांत सगळं लागलं,” सर म्हणाले. “बारव गावाची आहे. भिंतीवरचा दगड फुटका होता, मी त्याचा उरलेला भाग अंदाजानं भरला. पंचवीस वर्षांत मी अंदाजानं बोललो ते तेवढंच एकदा. त्या अंदाजावर कुलूप लागलं. उद्या भर कचेरीत ते उघडं पडणार होतं. मला फक्त सोमवार टळायला हवा होता. मंगळवारी मीच शोधून काढल्याचं नाटक करणार होतो.”

“फुडच्या तारखेपातुर कलेक्टर गेला आसता,” पार्वतम्मा म्हणाल्या.

“तेवढा विचार मी केला नाही.”

“दोन साल म्या पानी वाहिलं,” महानंदा एकदम म्हणाली. “तुमी चुकला म्हून.” तिच्या आवाजात राग नव्हता, तिला खात्री करून घ्यायची होती.

“हो,” सर म्हणाले. “मी चुकलो म्हणून.”

अमृतराव उभे राहिले. “म्हंजे माज्याकडचं पत्र खोटं?”

“खोटं नव्हतं. चुकलेलं होतं. उद्या परत मागून घेईन.”

अमृतराव तडक जीपकडं गेले. मी टेबलावरची तक्रार उचलली. सरांच्याच मोत्यासारख्या अक्षरात होती, फक्त संशयिताची जागा मोकळी होती. मी पार्वतम्मांकडं पाहिलं. माझा राग अनावर झाला होता. ज्यांच्या पायाशी बसून मोडी शिकायची स्वप्नं पाहिली त्यांनीच माझ्या टेबलावरचा ताम्रपट उचलला होता.

“पोलिसांना दिलं तर हे आत बसतील आन् कुलूप भाईर बसंल,” पार्वतम्मा म्हणाल्या. “कलेक्टरला मोडी येती का? न्हाई. मग वाचनार कोन, तू? दोन शब्द येतेत तुला. ज्यानं कुलूप लावलं त्याच्याच तोंडून निघालं पायजे. पन पत्रा सरजाचा हाय. तिला इचार.”

सरजाबाईनं डोळे पुसले. पत्रा सरांच्या हातात दिला नाही, त्यांच्यासमोर धरला. “वाचून दावा,” ती म्हणाली.

सरांनी वाचलं. चष्मा न लावता, न अडखळता, बारा ओळी. महानंदा ओठ हलवत मागं मागं म्हणत होती.

दुसऱ्या दिवशी अकराला त्यांनी तेच कलेक्टरांपुढं वाचलं. ‘हे बारव समस्त गावाची. येईल त्यास पाणी पाजावे. कवाड न लावावे. लाविल्यास गाईची आण.’ कचेरीत गर्दी मावत नव्हती. वाचून झाल्यावर त्यांनी खिशातून कागद काढला आणि दोन वर्षांपूर्वीचं पत्र आपण मागं घेत आहोत, चूक सर्वस्वी आपली आहे, असं सांगितलं. अमृतरावांच्या वकिलांनी, मग या ताम्रपटाचं वाचन तरी बरोबर कशावरून, असं विचारलं. त्यावर सर म्हणाले, “या वाचनानं माझं नाव जातंय, म्हणून.” वकील खाली बसले. संध्याकाळी तलाठ्यानं कुलूप काढलं. त्यानंतर शेषेराव सरांकडं कुणी कागद पाठवल्याचं मी फारसं ऐकलं नाही.

मी मात्र दर शनिवारी नांदेडच्या गाडीत बसायला लागलो. मोडी शिकायची तर त्यांच्याकडूनच, असं मी ठरवलं. पार्वतम्मांनी मला मूर्खात काढलं आणि सरांसाठी एक तांब्याचा गडवा पाठवला.

महिन्यानं ताम्रपटाचा फोटो फ्रेम करून मी बोरगव्हाणला गेलो. मूळ पत्रा संग्रहालयात ठेवायला सरजाबाईनं परवानगी दिली होती. भर दुपार होती. बारवेच्या पायऱ्यांवर सात-आठ बाया होत्या, पाणी अगदी तळाला, पण होतं. सरजाबाई दारात तूर निवडत बसली होती. तिनं फोटो हातात घेतला, गाईवरून बोट फिरवलं आणि मला खाटेवर बसवून न विचारता तांब्याभर पाणी दिलं. मी ते सगळं पिऊन टाकलं.

“महानंदा दिसत नाही,” मी म्हणालो. “खेपेला गेली का?”

सरजाबाईनं सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडं असं पाहिलं की मला लाज वाटली.

“दोन वाजल्यात, साहेब. या टायमाला पोरगी कुटं आसंल? शाळंत.”